जाळीचे बूट धुवायला काढण्याआधी

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पावसाळ्यातही धावायचं थांबवत नाहीत. डांबरी रस्ता संपून पांदण लागली की दोन पावलांत बुटाला गारा चिकटतो. घरी आल्यावर सगळ्यांचा हात आधी बादलीकडे जातो, तो तेवढा आवरा. आपली विदर्भाची काळी माती फार बारीक दाण्याची आहे. पाणी मिळालं की ती फुगते आणि लोण्यासारखी पसरते, वाळली की आकसून तडकते. वावरात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा याच गुणामुळे पडतात. ओल्या गाऱ्यावर पाणी ओतून घासलं तर ती जाळीच्या छिद्रांतून आत अस्तरापर्यंत जाते आणि मग कितीही धुतलं तरी पांढरा बूट राखाडीच दिसतो. तोच गारा सावलीत पूर्ण वाळू दिला तर त्याचे पोपडे सुटतात. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे रिकामा वेळ: आल्या आल्या बूट ओसरीत उभे करून ठेवायचे आणि हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस. धुतल्यावर निदान दीड-दोन दिवस ते बूट पायात घालायचे नाहीत, हे धरूनच दिवस निवडा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि त्या एका धावेला २० गुण असतात. अशा दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बूट धुवू नका, कितीही मळलेले असोत. वरून कोरडी लागणारी जाळी आतल्या फोममध्ये ओल धरून बसते, ओल्या बुटात मोजा सरकतो आणि टाचेला फोड येतो. मळका पण कोरडा बूट चालेल. झड लागली असेल तेव्हाही धुणं पुढे ढकला. चार दिवस ऊन नाही, वारा नाही, अशा हवेत धुतलेला बूट वाळत नाही, कुबट वास मात्र धरतो.

आता सामान. जुना, मऊ झालेला दात घासायचा ब्रश जाळीसाठी, कपड्याचा प्लास्टिकचा ब्रश फक्त खालच्या रबरी तळव्यासाठी. दोन्ही वेगळे ठेवा, कारण तळव्याच्या ब्रशमध्ये खडे अडकलेले असतात आणि ते जाळीचे धागे ओढतात. भांड्यांची तारेची घासणी जवळही आणू नका. तळव्याच्या खाचांतली माती काढायला तुरीची तुराटी टोक करून घ्या किंवा बांबूची काडी. स्क्रू-ड्रायव्हर किंवा खिळा घातला तर रबराला चीर पडते. शिवाय एक चिमटा, जुन्या सुती लुगड्याचे किंवा बनियनचे तुकडे, आणि एक मोठं घमेलं.

चिमटा कशासाठी, हे नीट सांगायला हवं, कारण इकडच्या बुटांचं अर्धं दुखणं तिथेच आहे. पाऊस ओसरल्यावर धुऱ्यांवर आणि पडीत जमिनीवर कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं जाळीत घुसतात. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्याचा लांब शेपटा ओलावा लागला की पिळा बदलतो आणि टोक आणखी आत ढकलतो. बी जमिनीत पेरलं जावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे, पण बुटात ती पायापर्यंत पोहोचते. म्हणून कुसळं पाणी लागण्याआधी काढायची. बाहेरून शेपूट धरून ओढलं तर शेपूट हातात येतं आणि टोक आतच राहतं. आतली गादी काढा, बुटात हात घालून टोक कुठे बाहेर आलंय ते बोटाने हळूच चाचपा आणि ज्या दिशेने ते घुसलं त्याच दिशेने, म्हणजे आतल्या बाजूने, चिमट्याने काढा. आधी लहान लेकराच्या पायातले बूट बघा, त्याला टोचतंय ते सांगता येत नाही. गोखरू मात्र तळव्यात बसतो, तो बाहेरून निघतो.

सगळं कोरडं काम झालं की दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून अंगणात आपटा, मग मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. इथवर आलात तर बऱ्याच वेळा धुवायची गरजच उरत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. मार्च ते जून ज्या गावात आठवड्यातून एक-दोनदाच नळ येतो, तिथे घरातल्या बाईने डोक्यावर आणलेलं पाणी बुटांवर घालू नये. उन्हाळ्यातली धूळ झटकून, मग ओल्या फडक्याने पुसून निघते. पूर्ण धुणं पावसाळ्यासाठी आणि खरोखर गरज पडेल तेव्हासाठी राखा.

साबण पातळ घ्या. कपड्यांचं लिक्विड असेल तर ते, नाहीतर केसांच्या शाम्पूची एक पुडी अर्ध्या बादलीला पुरते. पावडरचे दाणे न विरघळता जाळीत अडकतात, आणि साबणाच्या वडीचा आपल्या बोअरच्या जड पाण्यात साका होतो, तो पांढुरका थर जाळीवर बसतो. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट. बंबातलं कढत पाणी नको, कारण वरचा भाग आणि सोल यांना धरून ठेवणारा गोंद उष्णतेने मऊ होतो. ब्लीच तर अजिबात नको. पांढऱ्या जाळीत नायलॉनचा किंवा ताणणारा धागा असला तर तो ब्लीचने पिवळा पडतो. बूट बादलीत बुडवून रात्रभर भिजत ठेवायचे नाहीत. लेस आणि आतली गादी काढून वेगळी धुवायची, आणि बूट घमेल्यावर धरून फेस ब्रशने लावायचा, खरवडायचा नाही. जीभ आणि टाचेची आतली कड इथे घामाचा थर असतो, तिथे थोडा जास्त वेळ द्या.

पाण्याचा विचार गावागणिक वेगळा करावा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट असतं. त्याने धुतलेले बूट वाळले की कडेने पांढऱ्या रेघा उमटतात. तिथे धुणं विहिरीच्या पाण्याने करा, पण शेवटचा एक तांब्या पावसाचा ठेवा. पहिल्या पावसाने टिनावरची धूळ धुऊन गेली की पन्हाळीखाली बादली लावून धरलेलं पाणी यासाठी उत्तम. पूर्वेकडे गोंदिया-गडचिरोलीकडे लाल माती लागते, तिच्यात लोहाचा अंश असतो आणि तो रंग साबणाला सहज दाद देत नाही. डागावर लिंबाचा रस टिपून थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुतलं तर तो फिका होतो. पूर्ण जाईलच असं नाही, आणि त्यासाठी जाळी झिजवण्यात अर्थ नाही.

साबण निघाला की नाही हे पाहायचं तर बूट दाबा आणि येणारं पाणी बघा. फेस दिसला तर अजून एकदा. जाळीत राहिलेला साबण वाळताना कडेला जमतो आणि तिथे पिवळा पट्टा पडतो. लोक उन्हाला दोष देतात, पण बऱ्याच वेळा कारण राहिलेला साबण हेच असतं.

वाळवायची जागा धुण्याआधीच ठरवून मोकळी करा. सावली आणि वाहती हवा, म्हणजे ओसरी किंवा गोठ्याच्या बाहेरचा छपराखालचा भाग. टिनावर ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात अकोल्यात आणि चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, टिनाला हात टेकवत नाही, मग गोंद कसा टिकेल? चुलीजवळही नको. पिळायचे नाहीत, सुती कपड्यात गुंडाळून दाबायचे, आणि आत कोरडे तुकडे कोंबून आकार धरायचा. तुकडे ओले झाले की बदला. वर्तमानपत्र पाणी चांगलं शोषतं, पण पांढऱ्या बुटाच्या अस्तराला शाई लागते. तेव्हा त्यात आधी कापड, मग कागद. कुत्र्याच्या तोंडाला येणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. रात्री घरात घ्या, उंदीरही फोम कुरतडतात.

वास राहिला असेल तर खायचा सोडा चमचाभर कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर बुटात ठेवा. सुटा टाकला तर जाळीत बसतो. आणि ओसरीत ठेवलेला कोणताही बूट घालण्याआधी उलटा करून आपटा, आत नजर टाका, मगच पाय घाला. विंचू अशाच अंधाऱ्या जागी बसतो. लहान मुलांना ही सवय लेस बांधायला शिकवण्याच्या आधी लावा.

गादी आणि लेस पूर्ण वाळल्यावरच परत घाला, आणि त्याच वेळी सोलच्या कडेने अंगठा फिरवून बघा. कुठे तोंड उघडलं असेल तर घरी इन्स्टंट गोंदाचा थेंब टाकू नका. तो कडक होतो, आणि धावताना सोल वाकला की तिथेच तडकतो. बाजाराच्या दिवशी चांभारकाकांकडे न्या, बुटाला लवचीक राहणारं सोल्यूशन लावून दाबून द्यायला सांगा. करंगळीजवळ जाळी विरली असेल तर आतून पातळ कापडाचा तुकडा बारीक टाक्यांनी लावून घ्या. बूट धुतलेला आणि कोरडा असला पाहिजे, मातीवर सोल्यूशन धरत नाही.