एमआरआयमध्ये पांढरे डाग आले? मग या चुका टाळा

वडिलांना चक्कर येते, आई हल्ली अडखळत चालते, म्हणून एमआरआय काढला जातो आणि रिपोर्टमध्ये एक ओळ येते: ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड २’. मग घरात दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर ‘वयानुसार आहे’ म्हणत फाइल कपाटात जाते, नाहीतर कोणीतरी रात्री मोबाइलवर शोधत बसतं आणि सकाळपर्यंत अख्ख्या घराने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धसका घेतलेला असतो.

आधी त्या ओळीचा अर्थ पाहू. मेंदूच्या वरच्या करड्या थराखाली पांढरा भाग असतो. मेंदूची वेगवेगळी केंद्रं एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचं हे जाळं, आणि त्या तंतूंवर मेदाचं वेष्टण असतं. याच्या खोल भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या लांब, बारीक आणि एकमेकींशी फारशा न जोडलेल्या. कालव्याच्या शेपटाकडचं शेत कसं असतं, आवर्तन जरा कमी सुटलं की आधी तिथे ओढ बसते, तसं या भागाचं होतं. वर्षानुवर्षांच्या बीपीने आणि साखरेने या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, रक्त कमी पोचतं, वेष्टण झिजतं. एमआरआयवर तेच पांढऱ्या डागांसारखं दिसतं.

फ्रान्झ फाझेकास या ऑस्ट्रियन न्यूरॉलॉजिस्टने १९८७ मध्ये मांडलेली ० ते ३ ही श्रेणी आजही वापरतात. ग्रेड १ म्हणजे सुटे ठिपके. साठी ओलांडलेल्या पुष्कळांमध्ये ते सापडतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. ग्रेड २ मध्ये ठिपके एकमेकांना मिळू लागतात, ग्रेड ३ मध्ये त्यांचे मोठे पट्टे होतात. युरोपातल्या लाडिस या अभ्यासात, हिंडत्याफिरत्या वृद्धांपैकी ज्यांचे बदल तीव्र होते, त्यांचं स्वावलंबन जाण्याचा किंवा मृत्यूचा धोका सौम्य बदल असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे ग्रेड न वाचता फाइल ठेवून देणं आणि ग्रेड न वाचताच घाबरणं, दोन्ही चुकीचं.

‘स्मरणशक्ती शाबूत आहे ना, मग झालं’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पांढऱ्या भागाचं नुकसान आधी आठवणींवर येत नाही. ते विचारांच्या वेगावर, कामाच्या आखणीवर आणि पायांवर येतं. आजोबांना १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची मजुरी आठवते, म्हणून घरचे निर्धास्त. पण तेच आजोबा चहा करताना पाहा. पाणी ठेवतात, साखर घालतात आणि चहापावडरचा डबा हातात धरून थांबतात. डबा कशाचा आहे ते त्यांना ठाऊक असतं, पण पुढचं काम सुरू होत नाही. वीजबिल, पासबुक आणि औषधं एकाच फेरीत उरकणाऱ्या माणसाला आधी कुठे जायचं हेच ठरवता येत नाही.

चालही बघा. पावलं आखूड होतात, तळवे घासत जातात, दोन पायांतलं अंतर वाढतं. हात मात्र बऱ्यापैकी हलत असतात. वळायचं झालं तर पूर्वी एका पावलात वळणारा माणूस जागच्या जागी चार-पाच पावलं टाकतो. लघवीची घाई होते, रात्री धडपडत उठावं लागतं आणि तिथेच पडझड होते. शिवाय उत्साह आटतो. भजनाला, नाटकाला पहिला निघणारा माणूस ‘तुम्ही जा’ म्हणू लागतो. त्याला घरात आळशी, हट्टी, हेकट अशी विशेषणं लागतात. ती लावण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. शेजारी कोणीतरी उभं राहा, म्हणजे झालं.

बीपी मोजण्यातला आळस

या आजारात आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट बीपी, आणि तीच आपण सगळ्यात वाईट मोजतो. जिना चढून आल्या आल्या, स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळून, गप्पा मारत, हात लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा नसतो. चहा, तंबाखू यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीवर. दोनदा मोजा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरा.

आणि मग ते नेहमीचं, ‘बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली’. अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलं!

अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा प्रयोग झाला. पन्नाशीपुढच्या लोकांचा एक गट वरचं बीपी १२० च्या खाली आणायला ठेवला, दुसरा १४० च्या खाली. २०१९ मध्ये त्याचे मेंदूविषयीचे निष्कर्ष आले. साधारण चार वर्षांत पांढऱ्या डागांचं आकारमान पहिल्या गटात ०.९२ घन सेंमीने वाढलं, दुसऱ्यात १.४५ ने. सौम्य बौद्धिक घटही पहिल्या गटात कमी दिसली. डिमेन्शियाबाबत मात्र फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. ‘बीपी उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल’ ही भीतीही खरी ठरली नाही. पण त्या प्रयोगात मधुमेही आणि स्ट्रोक (पक्षाघात) होऊन गेलेले रुग्ण नव्हते. त्यामुळे १२० चा हट्ट आपल्या मनाने धरू नका. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

घाईघाईने बीपी पाडणं

वर्षानुवर्षं बीपी जास्त असलेल्या माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावलेल्या असतात. तो दाब एकदम पडला तर खोलवरचा पांढरा भाग कोरडा पडतो. आकडा जास्त आला म्हणून निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची जुनी रीत धोकादायक ठरल्यामुळेच मागे पडली. शेजारच्या काकांची गोळी उसनी घेणं हा त्यातलाच प्रकार.

बसून बीपी छान आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, असं होत असेल तर उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. प्रोस्टेटची गोळी, झोपेची गोळी, जुलाब, वैशाखातला घाम आणि ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून कमी केलेलं पाणी, यातलं काहीही कारण असू शकतं.

शीर्षासनाने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो म्हणून सत्तरीत पाय वर करणारेही भेटतात. मेंदू आपला प्रवाह स्वतःच सांभाळतो, डोकं खाली केल्याने बंद पडत चाललेल्या बारीक धमन्या उघडत नाहीत. डोळ्यांतला दाब मात्र वाढतो. काचबिंदू असेल तर हे नकोच. त्यापेक्षा रोज चाला.

टॉनिक आणि ‘रक्त पातळ करायची’ गोळी

स्मरणशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या गिंको बिलोबा या वनस्पतीच्या अर्कावर अमेरिकेत ३,००० हून अधिक वृद्धांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००८ मध्ये आला: डिमेन्शिया टळत नाही. अ‍ॅस्पिरिनचं पाहा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या अ‍ॅस्प्री चाचणीत, २०१८ मध्ये, फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. केवळ डाग दिसले म्हणून ती सुरू करू नका. पण स्टेंट बसवला आहे किंवा स्ट्रोक होऊन गेला आहे, त्यांनी हे वाचून चालू असलेली गोळी बंदही करू नका. ती वेगळ्या कारणासाठी असते.

‘आमच्याकडे तंबाखू नाही, फक्त मिश्री’

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तसंच सैंधव म्हणजेही मीठच. बीपीला ते रंगाने फसवत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि पापड, लोणचं, फरसाण यांनी ती न कळत ओलांडली जाते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते विचारूनच घ्या.

सगळं डागांवर ढकलणं

एकदा रिपोर्ट आला की पुढचं प्रत्येक लक्षण त्याच्याच नावावर लागतं. पण बी-१२ कमी असलं तरी तोल जातो आणि विचार मंदावतात. शाकाहारी घरांत हे फार सापडतं आणि उपचाराने सुधारू शकतं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या तरी चाल, लघवी आणि स्मृती हे तिन्ही बिघडतात; तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी वृद्ध माणूस गोंधळतो. जोरात घोरता घोरता श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. आणि गादीवर कूस बदलली की काही सेकंद खोली गरगरते, ती चक्कर बहुधा कानातली असते.

दर सहा महिन्यांनी एमआरआय काढून काही साधत नाही. तेवढ्या पैशांत चांगलं बीपी मशीन येतं आणि थोडे उरतातही.

‘दहा मिनिटांत बरं वाटलं, म्हणून गेलो नाही’

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं, तर कांदा हुंगवत किंवा पाणी पाजत बसू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन करा. लक्षणं आपोआप गेली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण स्ट्रोकचा मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येण्याचा धोका असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते मोजतात माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. म्हणून रुग्णाला नीट बोलताना शेवटचं किती वाजता पाहिलं, हे तिथे पोचल्या पोचल्या सांगा.