एंजल्स लँडिंग: साखळ्यांच्या धारेवर चढताना

अमेरिकेतल्या यूटा राज्यात झायन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली एंजल्स लँडिंगची ही अरुंद धार चढायला 2022 पासून परवाना लागतो आणि तो लॉटरीनेच मिळतो. हंगामी सोडत हुकली, तर आदल्या दिवशीच्या सोडतीत अर्ज करा. शटलने 'द ग्रोटो'ला उतरून पाणी तिथेच भरा, वर मिळत नाही. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर तरी हवंच. जाऊन-येऊन 8.7 किलोमीटर, चढ सुमारे 450 मीटर. वॉल्टर्स विगल्स या नागमोडी चढाची 21 वळणं फक्त दमवतात.

खरा कस लागतो तो स्काउट लुकआउट या थांब्यानंतरच्या, आधाराला साखळ्या लावलेल्या शेवटच्या 800 मीटरमध्ये. काठ्या सॅकला बांधून हात मोकळे ठेवा. एक हात साखळीवर आणि दोन्ही पाय पक्के, मगच दुसरा हात पुढे न्या. असंख्य बुटांनी खडक गुळगुळीत झालाय, त्यावर बारीक वाळू. उतरताना पाय सटकतो तो यामुळेच. उभ्या टप्प्यांवर तोंड खडकाकडे करूनच उतरा. समोरून कुणी आलं तर रुंद जागी थांबा. घाईत साखळी सोडून बाजूने जाणं हा सगळ्यात वाईट निर्णय. जुलै ते सप्टेंबर दुपारी वादळं होतात. गडगडाट ऐकू आला, की धारेवर पाऊल टाकू नका: ओला वालुकाश्म निसरडा होतो आणि लोखंडी साखळी विजेच्या वाटेत असते. स्काउट लुकआउटपर्यंतच जायचं असेल, तर परवाना लागत नाही.