आहे त्याच दिनक्रमात समाधान कसे रुजवावे

चाळिशीच्या सुमारास अनेकांच्या मनात एक विचार ठाण मांडून बसतो: नोकरी सोडावी, शहरातली सदनिका विकावी आणि त्र्यंबकच्या रस्त्याला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन निवांत राहावे. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात काम करत असताना मीसुद्धा दोन वर्षे हाच हिशेब वहीत मांडत होतो. त्या दोन वर्षांत जमीन तर घेतली गेली नाहीच, पण असलेल्या घरातूनही मन उठले. संध्याकाळी द्वारकेच्या चौकात वाहनांच्या रांगेत अडकलो की आपले खरे जगणे अजून सुरूच व्हायचे आहे, असे वाटत राहायचे. त्या वाटण्यातून मला बाहेर काढले ते काही किरकोळ सवयींनी. त्या कशा लावायच्या, हे येथे सविस्तर सांगत आहे.

मोठ्या बदलाकडून आपण फार अपेक्षा का ठेवतो आणि ती पुरी का होत नाही, हे आधी समजून घ्यावे. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील इलिनॉय राज्याची लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना लॉटरी न लागलेल्या तितक्याच लोकांशी केली होती. बक्षीस मिळालेले लोक इतरांपेक्षा लक्षणीय सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतला आनंद त्यांना इतरांहून कमी वाटत होता. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. तरीही त्यातली दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण माणसाचे दिवस मुख्यतः न्याहारी आणि गप्पांचेच असतात, आणि त्यांची चव गेली तर त्र्यंबकच्या जमिनीवरही ती सोबत येणार नाही.

सवय लावताना पहिली काळजी अशी घ्यावी की ती स्वतंत्रपणे उभी न करता रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कामाला जोडावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की ‘मी व्यायाम करीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा नेमका निश्चय अधिक पाळला जातो. म्हणून वाक्य असे करावे: ‘चहाखालचा गॅस बंद केला की गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालीन’ किंवा ‘कामावरून आल्यावर चपला काढल्या की आईजवळ पाच मिनिटे बसेन’. काम इतके लहान असावे की तापाने अंग मोडून आले असतानाही ते जमेल. एका वेळी एकच सवय घ्यावी. गुढीपाडव्याला पाच संकल्प सोडणाऱ्यांचे अक्षय्य तृतीयेपर्यंत काय होते, हे प्रत्येक घराने पाहिले आहे.

कोणती सवय निवडावी, याबाबत माझे मत ठाम आहे. जी करताना काहीतरी सुधारायचे असते, ती समाधानासाठी उपयोगाची नाही. वजन कमी करण्यासाठी चालणे चांगलेच, पण त्यात डोळे पावलांच्या आकड्यावर असतात. समाधानाची सवय अशी हवी की ती करत असतानाच तिचे फळ हाती यावे.

माझ्यापुरती ती सवय नदी पाहण्याची झाली. जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. माझे घर पंचवटीत असल्यामुळे ‘गंगेवर जाऊन येतो’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, परंतु मोठेपणी नदीकडे लक्ष जायचे ते केवळ पुरात, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे पाहण्यापुरते. आता सकाळी दुधाची पिशवी घेतली की घरी परतण्याआधी दहा मिनिटे घाटावर उभा राहतो. मोबाइल घरी ठेवलेला असतो. रोज ठरलेल्या पायरीवर उभे राहायचे आणि काल नव्हते असे काय दिसते, एवढेच शोधायचे. श्रावणात गढूळ असलेले पाणी दसऱ्याच्या सुमारास निवळू लागते, पौषात पहाटे त्यावर धुके उतरते, गंगापूर धरणातून पाणी सोडले की पायऱ्यांची मोजणी बदलते. पहिले तीन आठवडे मला कंटाळा आला, हे मोकळेपणाने सांगतो. त्यानंतर मात्र घाटावर पोहोचण्याआधीच मन तेथे जाऊन थांबू लागले. ज्यांचे घर नदीपासून दूर आहे, त्यांनी सिडकोतून दिसणारा पांडवलेण्यांचा डोंगर किंवा सातपूरच्या आपल्या गल्लीतले एखादे कडुनिंबाचे झाड निवडावे. जागा एकच आणि वेळ ठरलेली, इतकेच पथ्य आहे.

दुसरी सवय आठवड्याची आहे. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून भाजी आणली आणि ती निवडून झाली की त्या आठवड्यात मिळालेल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात. हे रोज करू नये. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की आठवड्यातून एकदा अशी नोंद करणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. वारंवार केले की तेही उरकण्याचे काम होते. शिवाय नोंद नेमकी असावी. ‘कुटुंब’ असे लिहून काही होत नाही. ‘धाकट्याने न सांगता पाण्याचा पिंप भरून ठेवला’ असे लिहावे.

रात्री जेवताना ताटाभोवती मोबाइल नसावा, याविषयी वेगळे सांगायला नको.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, असा प्रश्न येतोच. २१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो, पण लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या ९६ जणांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवसांची निघाली, आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष अडथळा येत नाही.

मात्र या मार्गाचा वापर अन्याय सोसण्यासाठी करू नये. घरात मारहाण होत असेल, पगार महिनोन्‌महिने थकला असेल, तर तेथे मोठा बदलच हवा. तसेच आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे किंवा १४४१६ या सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदत दूरध्वनीवर बोलावे.

बाकीच्यांनी आज झोपण्यापूर्वी आपल्या सकाळचा क्रम आठवून त्यातले कधीच न चुकणारे एक काम शोधावे, त्याला जोडायच्या सवयीचे वाक्य कागदावर लिहावे आणि तो कागद दुधाच्या पातेल्याखाली ठेवावा.