जड धातूंतील स्पिन वहन आणि तापमान : या चुका टाळा

प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन यांसारख्या जड धातूंत विद्युतधारेचा काही अंश तिला काटकोनात वाहणाऱ्या स्पिन धारेत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत कोनीय संवेगाच्या (स्पिनच्या) प्रवाहात, बदलतो. हे प्रमाण सांगणारा स्पिन हॉल कोन आणि स्पिन किती अंतर टिकतो हे सांगणारी विसरण लांबी ३०० केल्विनला काढून सर्व तापमानांना तशीच वापरणे, ही या विषयातील सर्वांत घातक चूक आहे.

प्लॅटिनममध्ये स्पिन हॉल वाहकता (विद्युत क्षेत्रामुळे किती स्पिन धारा निर्माण होते याचे माप) मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या पट्टरचनेतून, म्हणजे ऊर्जापातळ्यांच्या मांडणीतून, येते. त्यामुळे मोजमापासाठी घेतलेला धातूचा पातळ थर अतिशुद्ध नसेल, तर ती तापमानानुसार फारशी बदलत नाही. कोन म्हणजे या वाहकतेचा रोधकतेशी गुणाकार, म्हणून तो रोधकतेबरोबर वाढतो. लांबीचे उलट आहे. इलियट-याफेट यंत्रणेत प्रत्येक विखुरणात स्पिन उलटण्याची काही शक्यता असते, त्यामुळे रोधकता वाढली की लांबी घटते आणि दोहोंचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो. यातून आणखी एक फसगत होते : थंड केल्यावर लांबी वाढते, तोच थर तिच्या मानाने पातळ ठरतो आणि स्पिन धारेचा मोजलेला संकेत अधिकच घटतो, ही सगळी घट कोनाच्या नावावर मांडणे चूक आहे. म्हणून आधी त्याच थराची रोधकता प्रत्येक तापमानाला मोजावी. पुस्तकातील आकडा धातूच्या जाड ठोकळ्यासाठी असतो आणि काही नॅनोमीटरच्या थराची रोधकता त्याहून बरीच जास्त असू शकते.

क्रायोस्टॅटचा (नमुना थंड ठेवणाऱ्या उपकरणाचा) संवेदक दाखवतो ते थराचे तापमान असेलच असे नाही, कारण धारेच्या वर्गाच्या प्रमाणात थर तापतो. अत्यल्प धारेवर रोध-तापमान आलेख काढून थरालाच तापमापक करावे. मात्र अतिशीत तापमानाला प्लॅटिनमचा रोध स्थिरावतो आणि बीटा टंगस्टनचा (टंगस्टनच्या एका स्फटिकरूपाचा) एरवीही फारसा बदलत नाही. तिथे धारा कमी करत जाऊन निष्कर्ष बदलतो का, हेच पाहावे लागते.

ही उष्णता दुसऱ्या हार्मोनिकच्या, म्हणजे प्रत्यावर्ती धारेच्या दुप्पट वारंवारतेवर मोजलेल्या, व्होल्टतेतही शिरते. जड धातूशेजारच्या चुंबकीय थराचे चुंबकन संपृक्त झाल्यावर (बाह्य चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने पूर्ण वळल्यावर) औष्णिक भाग हे क्षेत्र वाढवूनही जवळपास तेवढाच राहतो, तर स्पिन बलाघूर्णाचा (स्पिन धारा चुंबकनाला देते त्या पिळाचा) भाग घटत जातो. म्हणून एकाच क्षेत्रावरील मोजमापावर विसंबू नये. या चुंबकीय थराचे संपृक्त चुंबकनही तापमानागणिक मोजावे.

बीटा टंगस्टन तापवल्यास अल्फा अवस्थेत जाऊ शकतो. तापवून पुन्हा मूळ तापमानाला आणल्यावर रोधकता पूर्वीइतकी आली नाही, तर आधीची आणि नंतरची मोजमापे एकाच आलेखावर जोडू नयेत.