चायनीजमध्ये एम.ए. करायचंय? मग फॉर्म नंतर भर भो

परवा भुसावळच्या एका पोराने विचारलं, चायनीजमध्ये एम.ए. कराचं म्हणतो, फॉर्म कुठं भरू. म्हटलं येते किती, तर म्हणे अजून काहीच नाही. इथंच गाडी चुकते, कारण भाषेच्या एम.ए.ला कोणी शून्यापासून शिकवत नाही, तिथं डायरेक्ट चिनी कादंबरी हातात देतात.

बारावी झालेला असशील तर सोपंय, जेएनयूत बी.ए. ऑनर्स चायनीज अगदी पहिल्यापासून शिकवतात, शांतिनिकेतनचं चीना भवन तर १९३७ पासून आहे. बी.कॉम. वगैरे होऊन बसलाय तर आधी डिप्लोमा कर. आणि भाषेपेक्षा चीनचा इतिहास-राजकारण आवडत असेल तर दिल्ली युनिव्हर्सिटीचं ईस्ट एशियन स्टडीजचं एम.ए. बघ.

आता उच्चार. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, पिनयिन म्हणजे रोमन अक्षरात लिहिलेली चायनीज, ती इंग्रजीसारखी वाचू नको, मराठी कान लाव. त्यातला 'बी' म्हणजे आपला प, 'डी' म्हणजे त, 'जे' म्हणजे चिंचेतला च, 'क्यू' म्हणजे जवळपास छ, आणि 'झेड' म्हणजे चमच्यातला च. म्हणजे बीजिंग नाही, पेइचिंग. प-फ, त-थ हा फरक इंग्रजीवाल्यांना घाम फोडतो, आपल्याला तो आयता मिळालाय. घाम फुटतो तो टोनला, म्हणजे सूर वर-खाली केला की शब्दाचा अर्थच बदलतो त्याला. 'माइ' खाली दाबून म्हटलं तर विकत घेणं, झटक्यात खाली टाकलं तर विकणं, आता केळीच्या व्यापाऱ्याने हे उलटं केलं तर झालंच कल्याण. रोज अर्धा तास मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐक, लाज वाटते पण उपाय तोच.

चीनमध्ये चायनीजचं मास्टर्स करायला जायचं तर एचएसके, म्हणजे चायनीज भाषेची परीक्षा लागते. जुन्या पद्धतीत चौथ्या लेव्हलला १२०० शब्द, पाचव्याला २५००. चायनीज टीचर व्हायचं असेल तर तिकडे त्याचं वेगळं मास्टर्स आहे, व्याकरण समजावणं, वर्ग घेणं वगैरे, त्याच्या स्कॉलरशिपला पाचवी लेव्हल आणि सोबत तोंडी परीक्षा धरून चाल. रोज अभ्यासाला बसलास तर तिथं पोचायला साधारण दोन वर्षं. रिझल्ट दोनच वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नको. तैवानला जाणार असशील तर परीक्षा वेगळी, टॉकफल, आणि लिपीही जुनी, जास्त रेघांची.

साहित्य घेणाऱ्यांनो, जुनी चायनीज म्हणजे वन्यान वेगळीच चीज आहे, यादवकाळची मराठी वाचताना होतं तसं, शब्द ओळखीचे पण अर्थ हातातून निसटतो. पण विषय शोधायला लांब जाऊ नका. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, पुलकेशी राजाबद्दल लिहिलंय, इथली माणसं उपकार फेडतात आणि अपमानाचा बदलाही घेतात असं लिहिलंय (खोटं नाही!), आणि डोंगरातल्या ज्या विहाराचं त्याने वर्णन केलंय तो अजिंठाच असं बरेच अभ्यासक मानतात. जळगावहून एसटीने दीड-दोन तास. हा उतारा मूळ चायनीजमधून वाचून स्टडी प्लॅनमध्ये (अर्जासोबत 'काय आणि का शिकणार' लिहून देतात तो) टाकला तर तुझा अर्ज गठ्ठ्यात वेगळा दिसेल, 'मला चिनी संस्कृती फार आवडते' हे तर सगळेच लिहितात.

कागदपत्रांचं मात्र लवकर उरक. डिग्री खरी आहे असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं आणि मग चिनी दूतावासाचं अटेस्टेशन, चीनच्या ठरलेल्या फॉर्मवर मेडिकल, आणि दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. माझ्या वेळी कॉलेजात एका सरांनी शिफारसपत्र म्हणून 'वर्तणूक चांगली आहे, फी बाकी नाही' एवढंच लिहून शिक्का मारून दिला होता, मी आनंदाने घेऊन घरी आलो आणि रात्री वाचल्यावर डोक्याला हात. तू मसुदा स्वतः टाइप करून ने, काय शिकलास, कोणता प्रोजेक्ट केला सगळं त्यात टाक, सरांना फक्त सहीचं काम ठेव आणि परीक्षेच्या पेपर तपासणीच्या दिवसात अजिबात जाऊ नको.