बेटकास्टर रिळावर दोरा भरताना या चुका टाळा

येलदरी, माजलगाव किंवा विष्णुपुरीच्या पाण्यावर, त्याचप्रमाणे जलपर्णीने भरलेल्या गावतळ्यांवर मरळीसाठी बेडकाचे आमिष फेकणाऱ्यांच्या हाती आता स्पिनिंग रिळाच्या जोडीला बेटकास्टर, म्हणजे फेकीबरोबर स्वतः फिरणाऱ्या स्पूलचे (दोरा गुंडाळलेल्या फिरकीचे) रीळही दिसू लागले आहे. ते वापरू लागलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते : आमिष दहा-पंधरा मीटरवर थबकते, स्पूल मात्र फिरतच राहते आणि क्षणात रिळावर दोऱ्याचा गुंता उभा राहतो. मग फिरती स्पूल रोखणाऱ्या अंगठ्याला दोष दिला जातो, ब्रेक वाढवला जातो आणि शेवटी रीळच टाकाऊ ठरवले जाते. अंगठ्याची सवय लागायला वेळ लागतो हे खरे असले, तरी एकसारख्या सोप्या फेकीतही वारंवार गुंता होत असेल, तर आधी दोरा कसा भरला आहे ते पाहावे. कारण दुकानदाराने घाईत भरून दिलेल्या रिळात हा दोष हमखास सापडतो.

स्पिनिंगची रीत बेटकास्टरला लावणे

स्पिनिंग रिळात दोरा भरताना स्पूल स्वतः गोल फिरत नाही. बेल नावाची तार तिच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. त्यामुळे तिथे दोऱ्याची बॉबिन जमिनीवर आडवी ठेवून तिच्या कडेवरून दोरा सुटू देण्याची पद्धत आहे. बेटकास्टरमध्ये मात्र स्पूल स्वतःच्या आसावर फिरते आणि दोरा सरळ ओढला जातो. अशा रिळासाठी बॉबिन आडवी ठेवली, तर प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पीळ पडतो, शंभर मीटर भरेपर्यंत असे शेकडो पीळ साठतात, आणि पहिल्याच सैल क्षणी दोरा स्वतःभोवती वळून फास तयार करतो.

यासाठी बॉबिनच्या भोकात पेन्सिल घालावी, घरातल्या कोणाला तरी ती दोन्ही हातांनी समोर आडवी धरायला सांगावी आणि बॉबिन चाकासारखी फिरू द्यावी. दोरा बॉबिनच्या वरच्या बाजूने सुटून रिळाच्या स्पूलवर वरूनच यावा, म्हणजे दोऱ्याला मुळात असलेले वळण उलटे होत नाही. पेन्सिल धरणाऱ्याने बॉबिनच्या कडा तळव्यांनी हलकेच दाबून ठेवाव्यात. ती मोकळी सोडली तर हँडल थांबल्यावरही फिरत राहते आणि भरण्याआधीच गुंता होतो.

लेव्हल वाइंड विसरणे

दोरा स्पूलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा पसरावा यासाठी बेटकास्टरच्या पुढच्या बाजूस एक छिद्र असलेला मार्गदर्शक असतो, तोच लेव्हल वाइंड. तो ज्या दांड्यावर सरकतो, त्याच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या खाचा कोरलेल्या असतात. मार्गदर्शकाच्या पोटातला पॉल नावाचा छोटा दात या खाचांतून सरकत जातो आणि टोकाला पोहोचला की दुसऱ्या खाचेत वळून परत फिरतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावच्या विल्यम शेक्सपियर ज्युनियर या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा यंत्रणेची रिळे बाजारात रुजवली. त्या नाटककाराशी असलेले नामसाम्य बाजूला ठेवले, तरी गळ टाकणाऱ्यांवर त्यांचे उपकार मोठे आहेत, कारण त्यापूर्वी हे काम अंगठ्यानेच करावे लागत असे.

दोरा रॉडच्या कड्यांतून, मग या छिद्रातून आणि त्यानंतरच स्पूलवर, हा क्रम चुकला तर सगळे भरून झाल्यावर पुन्हा उलगडण्याखेरीज गत्यंतर नसते. याहून कमी लक्षात येणारी चूक म्हणजे हँडल न वापरता स्पूल बोटाने फिरवणे, किंवा ती काढून ड्रिल मशीनला लावून भरणे. लेव्हल वाइंडला गती हँडलच्या गिअरकडून मिळते. स्पूल परस्पर फिरवली तर बहुतेक रिळांत मार्गदर्शक जागचा हलत नाही आणि दोऱ्याचा ढीग एकाच जागी चढतो. पाच मिनिटे वाचवण्यासाठी ड्रिल लावण्याचा हा उद्योग न केलेलाच बरा.

पहिला वेढा घसरणे

ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा गुळगुळीत असतो आणि ताणत नाही, त्यामुळे नुसत्या धातूच्या स्पूलवर बांधल्यास त्याचा संपूर्ण गठ्ठा एकसंध फिरू लागतो. मोठा मासा लागल्यावर हँडल फिरते, स्पूल फिरते, पण दोरा आत येत नाही, आणि रीळ हातात असणाऱ्याला वाटते की ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरा ताणाखाली सुटू देणारी यंत्रणा) गेला. ड्रॅग पूर्ण आवळूनही दोरा घसरत असेल, तर दोष बहुधा तळाशी असतो. स्पूलला छिद्रे असतील तर दोरा त्यांतून ओवून बांधावा. नसतील तर आधी पाच-दहा मीटर नायलॉन, म्हणजे आपला नेहमीचा तंगूस भरून त्याला ब्रेडेड दोरा जोडावा. चिकटपट्टीचा एक वेढाही चालतो, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीत तापलेल्या रिळावर पीव्हीसी पट्टीचा गोंद पाझरू शकतो, म्हणून तंगूसच अधिक भरवशाचा.

तळाची गाठ साधी आहे. दोरा स्पूलभोवती फिरवून त्याच्या टोकाने मूळ दोऱ्याभोवती एक गाठ मारावी, टोकाला आणखी एक गाठ द्यावी आणि ओढून दोन्ही एकमेकींवर बसवाव्यात. उरलेले टोक अगदी जवळून कापावे, नाहीतर त्याचा उंचवटा वरच्या थरांपर्यंत जाणवत राहतो.

ताण : सर्वांत महागात पडणारी चूक

सैल भरलेला दोरा दिसायला निर्दोष असतो. वेढे शेजारी शेजारी बसलेले दिसतात, पृष्ठभाग सपाट असतो, पण अंगठ्याने दाबून बाजूला रेटले तर संपूर्ण थर सरकतो. दोरा नीट भरलेला असेल तर तो दाबाखाली हलत नाही, टणक लागतो. रीळ विकत घेताना दुकानातच ही परीक्षा करावी.

सैल थराचा त्रास मरळीच्या शिकारीत सर्वांत जास्त होतो. जलपर्णीत बसलेली मरळ आमिष घेऊन खाली घुसते, तिला वनस्पतीतून वर काढण्यासाठी ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळून जोराने ओढावे लागते, आणि तो सारा जोर स्पूलवरच्या सर्वांत वरच्या वेढ्यावर येतो. खालचे थर सैल असतील तर हा बारीक, टणक ब्रेडेड दोरा त्यांना बाजूला सारून दोन-तीन थर खाली रुततो. त्या वेळी काहीच कळत नाही. मासा हाती येतो, आनंद होतो. पुढची फेक मात्र मध्येच जागच्या जागी अडते : रुतलेला दोरा सुटत नाही, स्पूलला हिसका बसतो, आणि एक तर आमिष तुटून एकटेच उडून जाते किंवा स्पूल उलट्या दिशेने दोरा गुंडाळू लागते. बोटाने चाचपल्यास स्पूलवर त्या जागी बारीक घळ लागते आणि तिच्यात शिरलेला दोरा स्पष्ट दिसतो.

म्हणून भरताना रॉडच्या पहिल्या कड्याच्या पुढे दोरा ओल्या सुती फडक्यात धरून चिमटीने दाबावा. दाब इतका असावा की बोटांना ऊब जाणवेल, पण चटका बसणार नाही. कोरडे फडके वापरू नये. घर्षणाने नायलॉन तापतो आणि खरखरीत होतो. ताण पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत सारखा राहिला पाहिजे, कारण तळ सैल आणि वरचा थर घट्ट असेल तर वरचा थर तळात रुतायचा तो रुततोच.

नायलॉनच्या बाबतीत अतिरेकही टाळावा. नायलॉन ताणतो, फार ओढून भरला तर नंतर स्पूलवर आकसून तिच्या कडांवर दाब देतो आणि त्याची ताकदही घटते. जुना, कडक झालेला तंगूस भरण्याआधी बॉबिनसकट तासभर पाण्यात ठेवला तर मऊ पडतो, कारण नायलॉन पाणी शोषतो. ब्रेडेड दोऱ्याला त्याचा तसा उपयोग नाही.

एका बाजूला चढणारा ढीग

सगळे नीट करूनही दोरा एका कडेला चढत असेल, तर मार्गदर्शकाकडे निरखून पाहावे. हँडल सावकाश फिरवताना तो दोन्ही टोकांना सारखाच जातो का, एका टोकाला क्षणभर अडखळतो का, हे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते. धरणाचे पाणी उतरल्यावर काठावर जो बारीक गाळ उघडा पडतो, तो ओल्या दोऱ्याबरोबर थेट या खाचांत येतो आणि तेलात मिसळून त्याचा लेप बनतो. कानकाडीने खाचा पुसून तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त तेल म्हणजे पुढच्या गाळाला आमंत्रण. तरीही अडखळत असेल तर पॉलची टोपी उघडून दात तपासावा. त्याचे टोक गोलट झिजले असेल तर ते वळणावर खाच सोडते, आणि तो भाग बदलण्याला पर्याय नाही. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना दोरा एकाच कडेला चढू लागला, तर शिवणारी बाई दोरा नाही, मार्गदर्शक तपासते, इथेही तेच.

हँडलच्या बाजूची ताणाची कळ फार सैल असल्यास स्पूल डावी-उजवीकडे हलते. अंगठ्याने स्पूल बाजूला ढकलून पाहावी. खडखड जाणवली तर ती नाहीशी होईपर्यंतच कळ आवळावी.

किती भरावा

स्पूलच्या कडेपासून सुमारे 2 ते 3 मिलिमीटर जागा मोकळी राहावी. काठोकाठ भरल्यास दोऱ्याचे वजन स्पूलच्या परिघावर वाढते, फिरती स्पूल थांबवणे अवघड होते आणि वेढे चौकटीला घासतात. फार कमी भरल्यास तेवढ्याच लांबीसाठी स्पूलला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि हँडलच्या एका फेऱ्यात येणारा दोराही कमी होतो.

रिळावर छापलेली क्षमता एका ठरावीक जाडीची असते, आणि जाडी बदलली की लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रिळावर 0.30 मिलिमीटरचा 120 मीटर लिहिले असेल, तर 0.35 चा सुमारे 88 मीटर आणि 0.40 चा सुमारे 67 मीटर बसेल. दुकानात किलोच्या आकड्यावरून, म्हणजे दोरा किती भार पेलतो त्यावरून, दोरा निवडणाऱ्यांची इथेच फसगत होते. वजनापेक्षा जाडी पाहावी.

भरलेला दोरा पुन्हा सैल पडल्यावर

मोठा गुंता सोडवल्यावर, किंवा दिवसभर हलके आमिष ओढल्यानंतर, वरचे थर पुन्हा सैल होतात. अशा वेळी दोऱ्याचे टोक बाभळीच्या किंवा लिंबाच्या बुंध्याला बांधावे, स्पूल मोकळी सोडून नेहमीच्या फेकीपेक्षा थोडे लांब चालत जावे आणि ओल्या फडक्याच्या ताणाखाली दोरा गुंडाळत परत यावे. रॉड वाकवून ताण देऊ नये, त्यात तो एकसारखा राहत नाही. ब्रेडेड दोऱ्याचे पुढचे टोक धागे सुटून केसाळ झाले असेल, तर सगळा दोरा आधी एका रिकाम्या बॉबिनवर आणि तिच्यावरून दुसऱ्या रिकाम्या बॉबिनवर काढून मग रिळावर भरावा : इतके दिवस तळाशी राहिलेला, जवळजवळ नवा भाग वर येतो, आणि झिजलेला भाग तंगुसाला जोडून तळाशी जातो.