चिंतेपासून मन स्वतःला कसे वाचवते आणि ते आपण कसे ओळखावे

तपासणीचा अहवाल संध्याकाळी मिळणार असतो आणि दुपारी मुलाच्या हातून पेन्सिलीचे टोक मोडले एवढ्यावरून आपण त्याच्यावर खेकसतो. राग पेन्सिलीचा नसतो. अहवालाची भीती सोपे लक्ष्य शोधत तिकडे वळलेली असते. याला मानसशास्त्रात विस्थापन म्हणतात आणि चिंता असह्य होऊ नये म्हणून मन ज्या संरक्षण यंत्रणा वापरते, त्यांपैकी ही एक. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये मनाच्या अशा संरक्षणाची कल्पना मांडली आणि त्यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये या यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली.

या यंत्रणा नकळत चालत असल्यामुळे त्या चालू असताना सहसा पकडता येत नाहीत, मागाहून खुणांवरून ओळखाव्या लागतात. कारण किरकोळ आणि प्रतिक्रिया मोठी असेल, तर विस्थापनाची शंका घ्यावी. डॉक्टरांकडे जाणे दर वेळी नव्या आणि पटण्याजोग्या कारणाने पुढे ढकलले जात असेल, तर कारणे खरी आहेत का हे तपासण्यापेक्षा परिणाम दर वेळी एकच कसा निघतो, हे पाहावे. स्वतःच्या मनातला संशय दुसऱ्याच्या माथी मारणे, म्हणजे प्रक्षेपण, ओळखणे सर्वांत अवघड. कारण त्यात आपली खात्री पक्की असते.

यासाठी रात्री वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय घडले, आपण काय केले आणि त्या दिवशी कोणती गोष्ट डोक्यावर टांगलेली होती. वरच्या प्रसंगात तिसऱ्या जागी ‘अहवाल’ लिहिताच पहिल्या दोहोंचा अर्थ लागतो. ही वही फक्त स्वतःसाठी आहे. घरच्यांना ‘तू वास्तव नाकारतो आहेस’ असे सुनावण्यासाठी हे ज्ञान वापरल्यास समोरचा आणखी मिटतो, शिवाय आपले निदान चुकीचे असण्याचीही दाट शक्यता असते.

ओळखलेली यंत्रणा लगेच मोडून काढण्याची घाई करू नये. मोठ्या आघातानंतर काही काळ वास्तव न स्वीकारणे माणसाला सावरायला अवधी देते. मात्र टाळण्यामुळे आवश्यक काम अडत असेल, तर थांबू नये, कारण टाळताक्षणी मिळणारी सुटका मनाला पुन्हा टाळायला शिकवते आणि भीती वाढतच जाते. अशा वेळी पाऊल मुद्दाम लहान घ्यावे: आज फक्त फोन करून वेळ विचारावी, जाण्याचे नंतर पाहावे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी विनोद, परोपकार, उदात्तीकरण (म्हणजे अस्वस्थ करणारी भावना एखाद्या विधायक कामाकडे वळवणे), पूर्वतयारी आणि चिंता जाणीवपूर्वक बाजूला ठेवणे यांना परिपक्व यंत्रणा मानले. यांतल्या शेवटच्या दोन सरावाने सर्वांत लवकर जमतात, असे माझे मत आहे. चिंतेसाठी दिवसातली एक ठरावीक वेळ राखावी, एरवी विचार आला तर तो टिपून त्या वेळेपर्यंत थांबवावा; आणि त्या वेळी, अहवाल वाईट आला तर कोणाला सांगायचे, सोबत कोणाला न्यायचे, डॉक्टरांना काय विचारायचे, हे लिहून काढावे. झोप, भूक किंवा काम यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल, किंवा वहीत जुने आघात वर येऊ लागले, तर पुढचे काम एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने करावे.